ॲम्नेस्टीच्या बिलाला विरोध असेल तर तो सिनेटरपर्यंत नीट कसा पोचवायचा

अमेरिकेत कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जा देणारं बिल, ज्याला ॲम्नेस्टी म्हणतात, दर दोन-चार वर्षांनी येतंच, आणि ते आलं की आपल्या मराठी ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडतो. कोणी म्हणतं आम्ही बारा वर्षं रांगेत उभे राहिलो त्याची काही किंमतच नाही का, कोणी बातमीची लिंक टाकतं, त्यावर पन्नास मेसेज होतात, आणि तिसऱ्या दिवशी सगळे परत शाळेच्या सुट्ट्या आणि भारताच्या तिकिटांवर. ज्याच्या हातात खरं मत आहे त्या माणसाच्या ऑफिसात मात्र आपल्यातला एकही फोन गेलेला नसतो. मी गेली बारा-तेरा वर्षं हे फोन करतोय, पत्रं लिहितोय, दोनदा ऑफिसात जाऊन बसलोय, त्यात जे शिकलो ते इथे सांगतो.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचणाऱ्याला कळेल मी कुठून बोलतोय. मी २००५ साली एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलो, प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख) २००९ ची, ग्रीन कार्ड हातात आलं २०१४ ला. मधली सहा वर्षं बायको एच-फोरवर, म्हणजे माझ्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरी. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेली बाई, तिकडे चांगली नोकरी सोडून आलेली, आणि इथे कायद्याने साधं दुकानात काम करायचीही परवानगी नाही. एच-फोरवाल्यांपैकी काहींना वर्क परमिट मिळायला लागलं ते मे २०१५ पासून, म्हणजे आमचं सगळं होऊन गेल्यावर. आणि २०१३ मध्ये सिनेटमध्ये जे मोठं बिल आलं, एस. ७४४, त्यात बेकायदा राहणाऱ्यांसाठी एक तात्पुरता दर्जा होता, त्यात अर्ज मंजूर झाला की काम करायची परवानगी आणि डिपोर्टेशनपासून संरक्षण. बिलाच्या बाजूचे लोक सांगायचे की अहो ते रांगेच्या शेवटी उभे राहणार आहेत, ग्रीन कार्डसाठी त्यांना दहा वर्षं थांबायचंय. खरं आहे, थांबायचं होतं. पण काम करत थांबायचं होतं, आणि माझी बायको कायद्याने येऊनसुद्धा घरी बसून थांबली होती. तेव्हापासून माझं म्हणणं ठरलंय, आधी कायद्याने आलेल्यांची रांग हलवा, नोकरी देणाऱ्यांची तपासणी पक्की करा, ते झालेलं दिसू द्या, मग बाकीचं बोलू. तुमचं म्हणणं थोडं वेगळं असेल, असू दे, पण ते तुमचं असायला हवं. उसनं घेतलेलं फोनवर लगेच कळतं.

आता मुद्द्याकडे. पहिलं काम, बिल वाचा. टीव्हीवर ऐकलेलं नको, यूट्यूबवर कोणी ओरडून सांगितलेलं तर मुळीच नको. काँग्रेस डॉट गव्ह ही सरकारी साइट आहे, फुकट आहे, बिलाचा नंबर टाकला की सगळं समोर येतं. सिनेटचं बिल असेल तर नंबराआधी एस. असतं, हाउसचं, म्हणजे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाचं, असेल तर एच. आर. तिथे मूळ मजकूर असतो, कोणी कोणी सही केलीये ती नावं असतात, आणि आतापर्यंत काय काय झालं त्याची तारीखवार नोंद असते. अकाउंट उघडलं तर बिल हललं की ईमेल येतो, ती सोय लावूनच ठेवा.

बिलं मोठी असतात, एस. ७४४ पहिल्यांदा आलं तेव्हा साडेआठशेच्या आसपास पानं होती, आणि सिनेटच्या शेवटच्या मतदानाआधी कॉर्कर आणि होवेन या दोन सिनेटरांची दुरुस्ती आली, त्यात सीमेवर वीस हजार जादा गस्तवाले वगैरे घातलं आणि पानं गेली बाराशेच्या आसपास. एवढं कोणी वाचत नाही आणि वाचायची गरजही नाही. चार गोष्टी शोधा. एक, कट-ऑफ तारीख कोणती, म्हणजे कधीपासून इथे असलेला माणूस पात्र. दुसरं, वर्क परमिट कधी मिळतं, अर्ज केल्याबरोबर, मंजूर झाल्यावर की काही वर्षांनी. तिसरं, तपासणीच्या अटी आधी पूर्ण व्हायला हव्यात की दर्जा आधी आणि अटी नंतर, यात सगळा जीव आहे. आणि चौथं, कायद्याने रांगेत असलेल्यांसाठी त्यात काय आहे.

या चौथ्या गोष्टीत प्रामाणिक राहायला लागतं हं. एस. ७४४ मध्ये आपल्या फायद्याचंही बरंच होतं, नोकरीच्या ग्रीन कार्डवरची प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा जाणार होती, एच-वन-बीची संख्या वाढणार होती. माझ्या ओळखीचे कितीतरी जण त्याच कारणाने बिलाच्या बाजूने होते आणि मी त्यांना दोष देत नाही. मला ते पटलं नाही कारण आपला प्रश्न दुसऱ्या प्रश्नाला बांधून ठेवला की दोन्ही बुडतात, आणि तेच झालं. सात टक्क्यांची मर्यादा काढायचं वेगळं छोटं बिल हाउसने नोव्हेंबर २०११ मध्ये ३८९ विरुद्ध १५ मतांनी पास केलं होतं, जुलै २०१९ मध्ये परत ३६५ विरुद्ध ६५ ने केलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही आपलं एक रूप पास केलं, फक्त दोन्हीकडचा मजकूर जुळला नाही आणि मुदत संपली. म्हणजे वेगळं केलं तर मतं मिळतात. हे आकडे पाठ करून ठेवा, फोनवर फार कामाला येतात.

कधीकधी बिल अगदी दोन-तीन पानांचं असतं आणि त्याचा परिणाम मोठ्या बिलाइतका असतो. उदाहरण सांगतो. इमिग्रेशन कायद्यात कलम २४९ आहे, त्याला रजिस्ट्री म्हणतात. १ जानेवारी १९७२ च्या आधीपासून जो इथे सलग राहतोय आणि ज्याचं वागणं चांगलंय तो ग्रीन कार्ड मागू शकतो, असं ते कलम. ही तारीख १९८६ पासून हललेली नाही. अलीकडे आलेल्या काही बिलांमध्ये म्हटलं होतं की ठरावीक तारखेऐवजी सात वर्षं सलग राहिलेला कोणीही पात्र. एका वाक्याचा बदल दिसतो, पण तारीख जाऊन तिथे वर्षं आली की तो दरवाजा दरवर्षी आपोआप पुढे सरकत राहतो, परत संसदेत यायची गरजच नाही. तुम्ही बाजूने असा की विरोधात, हे समजून बोलणारा माणूस स्टाफच्या लक्षात राहतो.

१९८६ चं आलंच आहे तर तेही सांगून ठेवतो, कारण विरोधाचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथेच आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ ला सही केली तो कायदा म्हणजे सौदा होता, १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना आणि शेतमजुरांना दर्जा द्यायचा आणि बदल्यात बेकायदा कामाला ठेवणाऱ्या मालकांना दंड करायचा. सुमारे २७ लाख लोकांना दर्जा मिळाला. दंडाची बाजू मात्र आय-नाइन नावाच्या कागदी फॉर्मवर उभी होती, मालकाने कागद बघायचे, खरे वाटले की झालं, खोटे कागद दाखवले तर पकडायची सोयच नाही. दर्जा पूर्ण दिला गेला, तपासणी अर्धी राहिली, आणि वीस वर्षांत बेकायदा राहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. म्हणून 'आधी तपासणी' हा हट्ट उगाच धरलेला नाही, एकदा सौदा फसलाय त्याचा अनुभव आहे. ई-व्हेरिफाय, म्हणजे कामाला ठेवलेल्याचे कागद सरकारी नोंदींशी ताडून बघायची सोय, १९९७ पासून चालू आहे, पण देशभरात बहुतेक खासगी मालकांना ते अजून ऐच्छिकच आहे, ॲरिझोना, फ्लोरिडासारख्या काही राज्यांनी आपापल्या कायद्याने सक्तीचं केलंय. तुमच्या राज्यात काय आहे ते बघा, कारण हा फोन राज्याच्या आमदारालाही करता येतो आणि तिथे फोन करणारे कमी असतात, त्यामुळे ऐकतात जास्त.

आता बिल कुठे अडकलंय ते समजून घ्या, नाहीतर फोन चुकीच्या वेळी जातो. ही बिलं साधारणपणे ज्युडिशियरी कमिटीकडे जातात. तिथे एकेक दुरुस्ती घेऊन मतदान होतं त्याला मार्कअप म्हणतात. एस. ७४४ चा मार्कअप मे २०१३ मध्ये झाला आणि कमिटीतून ते १३ विरुद्ध ५ ने बाहेर पडलं. तुमचा सिनेटर किंवा काँग्रेसमन (हाउसचा सदस्य) त्या कमिटीवर असेल तर तुमच्या फोनची किंमत कितीतरी वाढते आणि फोन मार्कअपच्या आधीच्या आठवड्यात जायला हवा. मग पूर्ण सिनेट. तिथे चर्चा थांबवून मतदानाला जायला ६० मतं लागतात, ते क्लोचर. विरोध करणाऱ्यांची खरी ताकद तिथे आहे, कारण बिल पाडायला ५१ लागत नाहीत, ४१ जणांनी साथ दिली नाही तरी बिल अडतं. २८ जून २००७ ला हेच झालं. राष्ट्राध्यक्ष बुश यांचा पाठिंबा असलेलं बिल, दोन्ही पक्षांचे मोठे लोक मागे, आणि क्लोचरला फक्त ४६ मतं पडली, ५३ विरोधात. त्या दिवशी सिनेटला इतके फोन आले की फोनची यंत्रणाच बंद पडली. ते फोन कुठल्या मोठ्या कंपनीने केले नव्हते, साध्या माणसांनी घरून केले होते.

हाउसमध्ये गणित वेगळं. तिथे काय मतदानाला येणार हे बहुमतवाल्या पक्षाचे नेते ठरवतात. २०१३ चं बिल सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ ने पास झालं होतं तरी स्पीकर बेनर यांनी ते हाउसमध्ये मतदानाला आणलंच नाही, आणि पुढच्या जूनमध्ये त्यांच्या पक्षाचे दोन नंबरचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, हरले, तिथे इमिग्रेशन हा मोठा मुद्दा होता. तेव्हा हाउसच्या बाबतीत फोनवर दोन गोष्टी विचारायच्या, तुम्ही बिलावर कसं मत देणार, आणि डिस्चार्ज पिटिशन आलं तर त्यावर सही करणार का. डिस्चार्ज पिटिशन म्हणजे २१८ सह्या जमल्या की नेत्यांना न विचारता बिल मतदानाला आणता येतं. हा दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

आणि एक चोरवाट आहे तिच्यावर लक्ष ठेवा. बजेटचं जे बिल असतं, रिकन्सिलिएशन, ते साध्या बहुमताने पास होतं, ६० ची अट नाही. २०२१ मध्ये दर्जा देण्याची तरतूद त्यात घालायचा तीनदा प्रयत्न झाला, दोनदा सप्टेंबरमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये, आणि तिन्ही वेळा सिनेटच्या पार्लमेंटेरियन, म्हणजे नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी, एलिझाबेथ मॅकडोना यांनी सांगितलं की हे बजेटच्या नियमात बसत नाही. तेव्हा फक्त नावात इमिग्रेशन असलेली बिलं बघून भागत नाही.

फोनच्या आधी आणखी एक, तुमचं स्टेटस. एच-वन-बी असो, एफ-वन (स्टुडंट व्हिसा) असो, ग्रीन कार्ड असो, आपल्या भागाच्या प्रतिनिधीला आपलं म्हणणं कळवायचा हक्क सगळ्यांना आहे, तुम्ही तिथे राहता म्हणजे तुम्ही त्यांचे. मी पहिला फोन एच-वन-बीवर असतानाच केला होता. पण पैशाच्या बाबतीत सांभाळा. ग्रीन कार्डवाले निवडणुकीला देणगी देऊ शकतात, व्हिसावाले देऊ शकत नाहीत, कुठल्याही निवडणुकीला नाही, पंचवीस डॉलरसुद्धा नाही. एखाद्या उमेदवाराच्या जेवणाचं तिकीट कोणी प्रेमाने गळ्यात मारलं तरी घेऊ नका, तेही देणगीतच धरतात. आणि नागरिक नसताना मतदार यादीत नाव घालणं तर आयुष्य उद्ध्वस्त करणारी चूक आहे, ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्ममध्ये मतदार नोंदणीचा चौकोन असतो, घाईत टिक होते, तिथे दोनदा बघा.

आता फोन. कॅपिटलचा स्विचबोर्ड आहे, २०२-२२४-३१२१, तिथे सिनेटरचं नाव सांगितलं की जोडून देतात. पण मी सांगेन की तुमच्या गावाजवळच्या ऑफिसचा नंबर त्यांच्या साइटवर असतो, गर्दीच्या आठवड्यात तिकडे लावा, फोन लवकर लागतो. फक्त आपल्याच राज्याचे दोन सिनेटर आणि आपल्याच भागाचा एक काँग्रेसमन, एवढ्या तिघांनाच. पहिल्या वेळी मी उत्साहात दुसऱ्या राज्याच्या सिनेटरला फोन केला, कारण टीव्हीवर तेच दिसत होते, पलीकडच्या मुलीने शांतपणे झिप कोड विचारला आणि सांगितलं की तुमच्या राज्याच्या ऑफिसला करा. वीस मिनिटं होल्डवर घालवून ते शिकलो.

फोन उचलणारा बहुतेक बावीस-तेवीस वर्षांचा, नुकताच कॉलेजातून आलेला असतो. तो वाद घालायला बसलेला नाही, त्याच्यासमोर एक खिडकी उघडी असते, त्यात झिप कोड, बिलाचा नंबर, बाजूने की विरोधात, आणि एक-दोन ओळींची जागा. तुमचं काम एवढंच की ती एक-दोन ओळींची जागा चांगली भरायची. मी साधारण असं बोलतो, इथे मराठीत लिहितोय, तुम्ही आपल्या इंग्रजीत बोला, उच्चाराची लाज अजिबात नको: "नमस्कार, माझं नाव अमुक, मी अमुक गावात राहतो, झिप कोड हा. मी बिल नंबर अमुकच्या विरोधात फोन करतोय. माझी विनंती आहे की सिनेटरनी क्लोचरलाच नाही म्हणावं. मी कायद्याने येऊन नऊ वर्षं थांबलो, माझ्या बायकोला सहा वर्षं काम करू दिलं नाही. या बिलात काम करायची परवानगी आधी आणि तपासणी नंतर आहे, १९८६ मध्ये हेच झालं होतं. त्याऐवजी नोकरीच्या ग्रीन कार्डची देशवार मर्यादा काढणारं वेगळं बिल आणावं. सिनेटरनी काय ठरवलंय ते सांगता येईल का? मला लेखी उत्तर हवंय, माझा पत्ता देतो." झालं. मिनिटभर. क्लोचर आणि शेवटचं मतदान ही दोन वेगळी मतं आहेत हे मुद्दाम बोला, कारण काही जण क्लोचरला हो म्हणतात आणि शेवटी विरोधात मत देऊन घरी येऊन सांगतात की मी तर विरोधच केला.

"अजून ठरलं नाही" असं उत्तर आलं तर खूश व्हा, तेच ऑफिस परत फोन करण्यासारखं आहे. व्हॉइसमेल लागला तरी सगळं बोला, झिप कोडसकट. रोज फोन करू नका, बिलाच्या प्रत्येक टप्प्याला एकदा. घरातल्या प्रत्येकाने स्वतःचा वेगळा फोन करावा, एकाने चौघांच्या नावाने नाही.

पत्राचं सांगतो. वॉशिंग्टनला पोस्टाने पाठवलेलं पत्र तपासणीत अडकतं, २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्सचे घातक जंतू पाठवले गेले तेव्हापासून तसंच आहे, आठवडे जातात. पत्र द्यायचं तर स्थानिक ऑफिसात नेऊन द्या किंवा साइटवरच्या फॉर्ममधून पाठवा. कुठल्यातरी संघटनेचं तयार पत्र, ज्यात फक्त नाव बदलायचं, ते पाठवलं तर स्टाफ सगळी एकत्र करून एक गठ्ठा धरतो. तुमच्या सहा ओळी जास्त वजनदार. व्याकरण चुकलं तरी.

सगळ्यात जास्त फरक समोरासमोर भेटल्याने पडतो. ऑगस्टच्या सुट्टीत हे लोक आपापल्या भागात येतात, टाउन हॉल, म्हणजे लोकांसाठी खुल्या सभा, असतात. नाहीतर स्थानिक ऑफिसात इमिग्रेशन बघणाऱ्या स्टाफरची वेळ मागा, चार-पाच जण मिळून जा, वीस मिनिटं मिळतात. मी एकदा एका जोडप्याला घेऊन गेलो होतो, त्यांचा मुलगा चार वर्षांचा असताना इथे आला, आई-वडिलांच्या ग्रीन कार्डची वाट बघता बघता एकवीसचा झाला आणि त्यांच्या अर्जातून बाहेर पडला, आता स्वतःच्या स्टुडंट व्हिसावर. आईने फक्त तेवढं सांगितलं, आकडा एकही नाही. ती स्टाफर लिहायची थांबली आणि नुसती ऐकत राहिली.

तुम्हाला हमखास विचारतील, तुम्ही स्वतः इमिग्रंट, मग दुसऱ्याला विरोध कसा करता? याचं उत्तर घरून तयार करून जा. मी बार्बरा जॉर्डन यांचं नाव घेतो. टेक्सासच्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट, नागरी हक्कांसाठी आयुष्य घातलेली बाई, नव्वदच्या दशकात इमिग्रेशन सुधारणा आयोगाच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्या आयोगाने बेकायदा कामावर कडक तपासणी मागितली, कायदेशीर इमिग्रेशनची संख्याही कमी करायला सांगितलं. शेवटची गोष्ट आपल्याला कदाचित आवडणार नाही, पण नियम असावेत आणि पाळले जावेत असं म्हणणारा माणूस कोणाचा द्वेष करतोच असं नाही, हे त्यांच्याकडे बघून समजतं.

आणि हे मनापासून सांगतो, फोनवर, टाउन हॉलमध्ये, ग्रुपवर, त्या माणसांबद्दल वाईट बोलू नका. तुमच्या घराचं छप्पर घालणारा, हॉटेलात भांडी घासणारा, पहाटे उठून सोळा तास राबणारा माणूस आहे तो, आणि त्यात भारतातून आलेलेही आहेत, आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातलेही असतील. आपलं भांडण सभागृहात ठेवलेल्या मजकुराशी आहे. तोंडातून एक घाणेरडा शब्द गेला की स्टाफर तुमचा मुद्दा लिहायचं सोडून फोन ठेवायची वाट बघतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

महाराष्ट्र मंडळाचं व्यासपीठ यासाठी वापरू नका. बरीच मंडळं करमुक्त संस्था आहेत, उमेदवाराचा प्रचार त्यांना करताच येत नाही आणि बिलांवरही मर्यादेतच बोलता येतं. शिवाय गणपतीला आलेल्या माणसाचं मत वेगळं असू शकतं, त्याला तिथे अवघडायला लावू नये. घरी चहाला बोलवा, सात-आठ जण, प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवरून एकेक फोन करायचा. पहिल्यांदा करणाऱ्याचे हात थंड पडतात, शेजारी कोणीतरी बसलेलं बरं वाटतं.

मतदान झालं की सिनेटच्या आणि हाउसच्या साइटवर नावानिशी मतं येतात. ती बघा आणि परत एक फोन करा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे मत दिलं असेल तर आभार माना, असे फोन फारच कमी येतात. विरुद्ध दिलं असेल तर सभ्यपणे सांगा की मी मत पाहिलं, मला पटलं नाही, आणि का दिलं ते लेखी कळवा. मी एका साध्या वहीत तारीख, बिलाचा नंबर, फोन कोणी घेतला आणि काय म्हणाले ते लिहून ठेवतो. बिल परत आलं की वही काढायची आणि मागच्या वेळचं त्यांचंच उत्तर त्यांना वाचून दाखवून विचारायचं की यात काही बदललंय का.